पिठाला दोष देण्याआधी इडलीपात्र तपासा

इडली बिघडली की पहिला संशय पिठावर जातो. उडीद कमी पडले, तांदूळ बरोबर नव्हता, थंडीत पीठ आंबलंच नाही. मग पुढच्या खेपेला प्रमाण बदलायचं, मेथीदाणे वाढवायचे. मी हे तब्बल चार वर्षं केलं. सांगलीहून बंगळूरला आले तेव्हा आईने दिलेलं मोदकपात्र सोबत होतं, आणि इथे आल्यावर चार मजली इडली स्टँड घेतला. वरच्या मजल्यावरच्या इडल्या ओल्या आणि चिकट, तळाच्या पाण्यात भिजून बसलेल्या, मधल्या ताटलीतल्या मात्र बऱ्यापैकी. एकाच पातेल्यातलं पीठ, एकाच वेळी लावलेलं. तरी दोष पिठालाच!

शेवटी शेजारच्या, केरळमधल्या पालक्काडच्या मामींनी एकदा माझ्या पात्राचं झाकण उचललं, उलटं करून बघितलं आणि अर्ध्या कन्नड, अर्ध्या हिंदीत एवढंच म्हणाल्या, "पीठ चांगलं आहे गं, आत पाऊस पडतोय."

तेव्हापासून इडली, पुट्टू (नळीत वाफवलेलं तांदळाचं पीठ आणि नारळ), इडिअप्पम (तांदळाच्या वाफवलेल्या शेवया), कोळुकट्टै (तमिळ मोदक), फणसाच्या पानातले कोट्टे कडुबू असं वाफेवरचं काहीही करायचं असलं की आधी भांडं तपासते. नव्याने शिकणाऱ्यांसाठी खालचा क्रम लिहिला आहे. यातल्या बहुतेक गोष्टींना खर्च नाही. एक जुनं सुती कापड, एक नाणं आणि खराट्याच्या चार काड्या एवढं सामान लागेल.

१. कुठली इडली बिघडली ते आधी बघा

स्टँड बाहेर काढल्यावर लगेच इडल्या सोडवू नका. ताटल्या क्रमाने ओट्यावर मांडा आणि नीट बघा.

फक्त वरच्या ताटलीतल्या इडल्यांवर खड्डे किंवा ओले डाग असतील, तर झाकणावरचं पाणी ठिबकतंय. फक्त तळाच्या भिजल्या असतील, तर पाणी जास्त आहे किंवा स्टँड फार खाली आहे. मधल्या कच्च्या आणि कडेच्या शिजलेल्या असतील, तर ताटल्यांमधून वाफ फिरत नाही. सगळ्याच चपट्या आणि दडस झाल्या असतील, तर थंड पात्रात स्टँड ठेवून गॅस पेटवलेला असणार. हे सगळं ठीक असूनही इडली दगडासारखी झाली, तरच पिठाकडे वळा.

२. पात्र एकदा रिकामं चालवा

हे कुणी करत नाही, आणि सगळ्यात जास्त कळतं ते यातूनच. पात्रात तीन कप पाणी मोजून घाला, रिकामा स्टँड ठेवा, झाकण लावा, गॅस पेटवा. वाफ जोरात यायला किती मिनिटं लागतात ते घड्याळात बघा. वाफ कुठून येते तेही बघा. झाकणाच्या एकाच बाजूने येत असेल तर ती कड वाकलेली आहे. झाकण थडथड उडत असेल तर वाफेला बाहेर जायला वाट नाही. मग आच मध्यम करून १५ मिनिटं ठेवा, बंद करा, थंड होऊ द्या आणि उरलेलं पाणी मोजा. माझ्या शेगडीवर दीड कपाच्या आसपास पाणी उडतं. तुमचा आकडा वेगळा येईल. तो लक्षात ठेवला की किती पाणी घालायचं याचा अंदाज कायमचा बसतो.

आता थोडा हिशोब, कारण मला तो कळला तेव्हा गॅस मोठा ठेवायची सवय सुटली. एक ग्रॅम पाणी २० अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला ८० कॅलरी उष्णता लागते. त्याच एका ग्रॅमची वाफ करायला आणखी ५४० कॅलरी लागतात. ती वाफ थंड पिठाला लागून परत पाणी होते तेव्हा या ५४० कॅलरी पिठाला देऊन टाकते. वाफेवर शिजणं म्हणजे हेच. १६ इडल्यांचं पीठ धरा ८०० ग्रॅम. ते खोलीच्या तापमानापासून शिजेपर्यंत तापवायला जेमतेम ९० ग्रॅम वाफ पुरते, स्टँडचा धातू तापवायला आणखी दहाएक ग्रॅम. म्हणजे सगळं मिळून अर्धा कप पाणी. बाकी जे उडतं ते स्वयंपाकघराच्या भिंतींवर आणि तुमच्या चष्म्यावर जातं. पात्र एकदा वाफेने भरलं की आतलं तापमान उकळीच्या वर जात नाही, आच कितीही वाढवा. मोठ्या आचेने फक्त पाणी लवकर आटतं आणि उसळून तळाच्या ताटलीत शिरतं.

वाफेने भाजलेलं पाण्यापेक्षा जास्त का चरचरतं, याचं उत्तरही त्या ५४० मध्येच आहे. झाकण उचलताना आपल्याकडची कड खालीच ठेवायची आणि पलीकडची वर करायची, म्हणजे पहिला लोट समोरच्या भिंतीकडे जातो.

३. पाणी आणि स्टँड यांच्यात दोन बोटं अंतर

शांत पाणी आणि उकळतं पाणी यांच्या उंचीत फरक असतो. पाणी भरताना तळाच्या ताटलीपासून एक बोट खाली दिसलं, तरी उकळल्यावर बुडबुडे ताटलीच्या भोकांपर्यंत पोचतात. दोन बोटं अंतर हवंच, तीन असली तर उत्तम. स्टँडचे पाय आखूड असतील तर कुकरसोबत आलेली तळाची जाळी त्याखाली घाला. वाटी उपडी घालून त्यावर स्टँड ठेवायची युक्ती बऱ्याच घरांत चालते, पण खळखळत्या पाण्यात वाटी सरकते आणि स्टँड कलंडतो. मी एकदा १६ इडल्यांची लापशी काढली आहे.

पाणी आटलं हे बाहेरून कळत नाही, म्हणून तळाशी एक स्वच्छ नाणं किंवा काचेची गोटी टाकावी. उकळत्या पाण्यात ते खडखडत राहतं. खडखड थांबली की पाणी संपत आलं. पुन्हा घालायचं पाणी उकळतंच हवं. गार पाणी ओतलं की वाफ एकदम बसते, आणि अर्धवट फुगलेली इडलीही तिच्यासोबत बसते.

ॲल्युमिनियमचं पात्र आतून काळं पडत असेल तर पाण्यात चिंचेचं बुटूक किंवा पिळलेल्या लिंबाची साल टाका. बोअरवेलच्या पाण्याने स्टीलच्या तळाशी पांढरा थर धरतो, तोही लिंबू घालून पाणी उकळलं की सुटतो. हा थर नुसता दिसायला वाईट असतो असं नाही, त्याने पाणी तापायला वेळ लागतो.

४. आतला पाऊस थांबवा

आता मामींच्या मुद्द्यावर येते. झाकण बाहेरच्या हवेमुळे आतल्या वाफेपेक्षा थंड असतं. वाफ त्याला लागते, थेंब होतात, आणि झाकण सपाट असेल तर ते थेंब सरळ खाली पडतात. आपल्या मोदकपात्राचं झाकण घुमटासारखं असतं ते शोभेसाठी नाही. उतारावरून थेंब कडेला ओघळतात आणि भिंतीवरून खाली उतरतात. तमिळ घरांतल्या जुन्या इडली कुंडानाचं, म्हणजे इडलीच्या भांड्याचं, झाकणही असंच फुगीर असतं. मंगळूरकडचे कोंकणी लोक ज्याला पेडवण म्हणतात आणि गोव्यात सान्नां (तिकडच्या इडल्या) करायला ज्याला कोंफ्रो म्हणतात, ती भांडीही वाफ आणि थेंब यांचा विचार करूनच घडवलेली आहेत. गडबड झाली ती सपाट झाकणाच्या पातेल्यात आणि कुकरमध्ये इडली लावायला लागल्यापासून.

उपाय सोपा आहे. झाकणाला आतून जाडसर सुती पंचा लावायचा आणि चारही टोकं वर आणून मुठीवर घट्ट गाठ मारायची. टोकं लोंबकळत ठेवली तर ती ज्योतीपर्यंत पोचतात, तेव्हा गाठ आळसाने मारू नका. थेंब कापडात जिरतात. कापड बांधायला जमत नसेल, उदाहरणार्थ कुकरला, तर सगळ्यात वरची ताटली रिकामी ठेवा किंवा तिच्यावर केळीच्या पानाचा तुकडा उपडा घाला. पानाचा वास लागला तर तक्रार कुणी करत नाही.

वाफेला वाट हवी, हे दुसरं. साध्या पातेल्याचं झाकण फार घट्ट बसत असेल तर त्याला कडेजवळ पाच-सहा मिलिमीटरचं एक भोक भांडीवाल्याकडून पाडून घ्या. हे फक्त साध्या झाकणासाठी. प्रेशर कुकरच्या झाकणाला कधीही, कुठल्याही कारणाने भोक पाडायचं नाही.

कुकरमध्ये इडली करताना शिट्टी काढूनच ठेवतात, हे बहुतेकांना माहीत असतं, कारण मात्र माहीत नसतं. शिट्टी लावली की आत दाब चढतो आणि तापमान १२० अंशांच्या आसपास जातं. पिठातले हवेचे बुडबुडे फुगायच्या वेळीच दाबले जातात, आणि दाब उतरेपर्यंत इडली आतल्या ओलाव्यात बसून राहते. शिट्टी काढली तरी रबर लावलेलंच ठेवा, म्हणजे वाफ कडेने न गळता नळीतूनच जाईल. आणि दर वेळी ती नळी उजेडासमोर धरून आरपार बघा. डाळीचं एक साल तिच्यात अडकलेलं असलं तरी धोका आहे.

५. वाफ आल्यावरच स्टँड आत

झाकण लावता तेव्हा पात्रात हवा भरलेली असते. वाफ तिला हळूहळू बाहेर ढकलते. हवा आत आहे तोवर तापमान पुरेसं चढत नाही. थंड पात्रात स्टँड ठेवला तर पीठ पाच-सात मिनिटं कोमट हवेत नुसतं बसतं, त्यातले बुडबुडे एकमेकांत मिसळून निसटतात आणि इडली चपटी होते. पाणी खळखळू द्या, झाकणाखालून वाफेचा सरळ लोट येऊ द्या, मग स्टँड ठेवा आणि तिथून मिनिटं मोजा. पीठ ताटल्यांत भरून मगच गॅस पेटवायची माझी सवय होती. क्रम उलटा केला आणि इडलीची उंची त्याच दिवशी वाढली.

६. ताटल्या, भोकं आणि कापड

स्टँडच्या दांड्यात ताटल्या ओवताना एकीचा खळगा दुसरीच्या खळग्यावर येऊ देऊ नका. वरच्या ताटलीचा खळगा खालच्या दोन खळग्यांमधल्या जागेवर आला पाहिजे. असं केलं की वरच्या ताटलीचा बुडखा खालच्या इडलीच्या डोक्याला चिकटत नाही आणि वाफेलाही नागमोडी वाट मिळते. खळगा पाऊणच भरा.

खळग्याला भोकं असतील तर ती उघडी आहेत का ते बघा. वाळलेल्या पिठाने निम्मी भोकं बुजलेली असतात आणि आपण ती घासणीने वरवर घासत राहतो. नारळाच्या खराट्याची हिराची काडी घेऊन एकेक भोक मोकळं करा, पाच मिनिटांचं काम आहे.

आता कापड. तमिळनाडू आणि केरळमध्ये अनेक घरांत इडली आजही कापडावरच होते. खळग्यांची मोठी सच्छिद्र ताटली, तिच्यावर ओलं करून पिळलेलं पातळ सुती कापड, त्यावर पीठ. वाफ कापडातून खालूनही पिठाला लागते, तेल अजिबात लागत नाही आणि खालच्या बाजूला ती पिवळट कातडी धरत नाही. पालक्काड जिल्ह्यातल्या रामश्शेरी गावात तर ताटलीही नसते. मातीच्या मडक्याच्या तोंडावर दोऱ्यांची जाळी विणलेली असते, तिच्यावर कापड पसरून डोशासारखी चपटी इडली घालतात, वर मडक्याचीच आणखी कडी रचत जातात आणि लाकडावर वाफवतात. इडलीला धातू कुठेच लागत नाही.

घरी करायचं असेल तर जुन्या, खूप वेळा धुतलेल्या मऊ धोतराचा किंवा मलमलीच्या ओढणीचा तुकडा घ्या. नव्या कापडाला खळ असते, पीठ त्याला चिकटून बसतं. इडल्या झाल्या की कापड ताटात उपडं करायचं, वरून गार पाण्याचा हबका मारायचा, क्षणभर थांबायचं आणि एका कोपऱ्याने हळूच ओढायचं. मामी हे करताना बघायला बसावं असं असतं. डाव्या हाताने पाण्याचा शिडकावा, उजव्या हाताने कापड सोलतात, आणि सोळाच्या सोळा इडल्या एका ओळीत पांढऱ्याशुभ्र पडतात. मी पहिल्यांदा केलं तेव्हा निम्म्या इडल्या कापडावरच राहिल्या, कारण मी पाणी मारायला घाबरले होते. हात राखून मारू नका, चांगलं मारा.

कापड नको असेल तर ताटलीला तिळाच्या तेलाचं बोट फिरवा. झाल्यावर तीन-चार मिनिटं बाहेर निवू द्या आणि ओल्या चमच्याच्या कडेने सोडवा. गरम इडली खरवडून काढणाऱ्यांना उत्तम पात्रही वाचवू शकत नाही.

७. वेळ कसा ठरवायचा

साध्या इडलीला वाफ धरल्यापासून १० ते १२ मिनिटं. बंगळूर-म्हैसूर रस्त्यावर बिडदीला मिळते ती बशीएवढी तट्टे इडली रुंद असते, पण जाडीला फार नसते, तिला १२ ते १५ मिनिटं पुरतात. पेल्यात किंवा वाटीत उंच भरलेल्या पिठाला अर्धा तास लागतो. याचं कारण असं की उष्णता पिठात कडेपासून मध्याकडे सावकाश सरकते. जाडी दुप्पट झाली तर वेळ दुप्पट होऊन भागत नाही, चौपटीच्या जवळ जातो. कांचीपुरमच्या वरदराज पेरुमाळ मंदिरात मिरी, जिरं, सुंठ घातलेली नैवेद्याची इडली पानं अंथरलेल्या लांब बांबूच्या टोपलीत वाफवतात, तिला तासन्‌तास का लागतात हे यावरून कळेल. घरी पेल्यात करणार असाल तर पेला अर्धाच भरा आणि मध्ये हिराची काडी टोचून बघा. काडी कोरडी आली पाहिजे.

उंचीचाही थोडा हिशोब आहे. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटरला पाणी साधारण एक अंश लवकर उकळतं. मुंबईत वाफ १०० अंशांची, बंगळूरला ९७ च्या आसपास, महाबळेश्वरला ९५-९६, उटीला ९२-९३. बंगळूरला मी मिनिटभर जास्त ठेवते. उटीला बदली होऊन गेलेल्यांनी तीन-चार मिनिटं धरावीत.

८. पुट्टू : इथे गळती हाच शत्रू

पुट्टूकुट्टी म्हणजे खाली पाण्याचं भांडं आणि वर उभी नळी. नळीच्या तळाशी भोकांची चकती, तिच्यावर ओल्या नारळाचा चव, मग तांदळाचं ओलवलेलं पीठ, परत नारळ असे थर. पूर्वी ही नळी बांबूची असे आणि हाताला चटका बसू नये म्हणून तिच्यावर काथ्या गुंडाळलेला असे. पीठ इडलीसारखं ओलं नसतं, त्यामुळे वाफेने पिठाच्या कणांमधून आरपार जायला हवं. नळी आणि भांडं यांच्या सांध्यातून वाफ निसटली तर ती पिठातून जायचे कष्ट घेत नाही, सोप्या वाटेने निघून जाते. सांध्यावर ओल्या कापडाची पट्टी दोन वेढे गुंडाळा. एवढ्याने निम्मे प्रश्न सुटतात.

उरलेले निम्मे पिठाचे. मिठाचं पाणी शिंपडत पीठ चोळायचं. मुठीत दाबलं तर मुटका झाला पाहिजे आणि बोटाने टोचलं तर सुटला पाहिजे. गाठी झाल्या तर मिक्सरमध्ये एकच झटका द्या. नळीत भरताना चमच्याने दाबायचं नाही. दाबलेल्या पिठातून वाफ वर येत नाही, चकती जाम होते आणि खाली दाब साठतो. वरच्या भोकातून वाफ दिसायला लागली की तिथून चार-पाच मिनिटं, मग मागून दांड्याने ढकलून काढा.

पुट्टूकुट्टी नसली तर केरळी घरांतला जुना उपाय आहे, चिरट्ट पुट्टू. नारळाची डोळ्यांकडची अर्धी करवंटी घासून गुळगुळीत करायची, एक डोळा उघडायचा, आतून भोकांची छोटी चकती किंवा कापडाचा तुकडा टाकायचा, पीठ आणि नारळ सैल भरायचा आणि शिट्टी काढलेल्या कुकरच्या नळीवर करवंटी बसवायची. वर छोटं झाकण. कुकरची सगळी वाफ त्या एका नळीतून येते, त्यामुळे पुट्टू पटकन होतो. पण पीठ ओलं किंवा ठासलेलं असेल तर तीच नळी बंद होते, म्हणून पाच मिनिटांत वर वाफ दिसली नाही तर गॅस बंद करून करवंटी चिमट्याने उचला आणि पीठ सैल करून परत भरा. सुरक्षेचा व्हॉल्व्ह जुना झालेला असेल तर हा प्रयोग करूच नका.

९. इडिअप्पम आणि पानातले पदार्थ

सिंधुदुर्गातल्या शिरवळ्या खाल्लेल्यांना इडिअप्पम ओळखीचंच वाटेल. फरक असा की आपण उकडलेला गोळा दाबून शेवया काढतो आणि नारळाच्या गोड रसात खातो, तर केरळ-तमिळनाडूत उकळत्या पाण्यात भिजवलेल्या पिठाच्या शेवया आधी पाडतात आणि मग वाफवतात. इडलीच्या खोल ताटलीत त्या नीट होत नाहीत, कडा शिजतात आणि मधला गुंता पिठूळ राहतो. त्यांना सपाट, भरपूर भोकांची जाळी लागते. वेताच्या विणलेल्या ताटल्या मिळाल्या तर दुसरं काही घेऊ नका, वेत जास्तीचं पाणी शोषून घेतो. शेवयांचा थर एकावर एक दोन फेऱ्यांपेक्षा जास्त नको. आठ-दहा मिनिटं पुरतात.

कोट्टे कडुबूला भांडं उंच लागतं. फणसाची चार पानं हिराच्या काड्यांनी टोचून पेला करतात आणि त्यात इडलीचं पीठ भरतात. हे पेले आडवे झाले की पीठ सांडतं, आणि आपलं मोदकपात्र बसकं असल्याने झाकण त्यांच्यावर टेकतं. खोल पातेल्यात जाळी ठेवा आणि प्रत्येक पानाचा पेला एकेका स्टीलच्या पेल्यात उभा करा. २५ ते ३० मिनिटं लागतात, म्हणजे पाणी मध्ये एकदा तरी बघावं लागतं. शेजारच्या शेगडीवर पाणी उकळत ठेवा.

कोडगूचे (कूर्गचे) कडंबुट्टू, म्हणजे तांदळाच्या कण्यांचे उकडलेले गोळे, कोळुकट्टै आणि आपले मोदक यांना वेगळं काही सांगायला नको. चाळणीत ओलं कापड किंवा हळदीचं पान, गोळ्यांमध्ये बोटभर जागा.

१०. नवीन घ्यायचंच असेल तर

आधी वरचं सगळं करून बघा. तरीही घ्यायचं ठरलं तर घरातल्या भांड्याची आतली उंची पट्टीने मोजून कागदावर लिहा आणि तो कागद दुकानात न्या. मी अंदाजाने चार मजली स्टँड आणला होता. दुकानदार छातीठोकपणे "पाच लिटरला बसतोच" म्हणाला, आणि घरी आल्यावर मधला दांडा झाकणाला बोटभर अडला. दांडा कापून घ्यावा लागला, आता स्टँड तीन मजलीच आहे.

रोज आंबट पीठ लागणार असेल तर ॲल्युमिनियमपेक्षा स्टील बरं. ताटली हातात घेऊन खळग्याच्या कडेवर बोट फिरवा, धार लागत असेल तर ती इडली सोडवताना रोज लागेल. परदेशात इंडक्शनवर ॲल्युमिनियमचं पात्र तापतच नाही, पातेल्याच्या बुडाला चुंबक चिकटतो का ते बघा. आत ठेवायचा स्टँड कुठल्याही धातूचा चालतो. तिकडे चिनी दुकानांत बांबूच्या वाफवायच्या टोपल्या मिळतात, कापड अंथरून त्यांत इडली आणि इडिअप्पम दोन्ही सुरेख होतात. बांबूचं झाकण थेंब पिऊन टाकतं, आत पाऊस पडायचा प्रश्नच येत नाही.

राहता राहिलं ते कापड. वापरून झालं की लगेच गार पाण्यात भिजवा, कारण गरम पाण्याने पीठ शिजून धाग्यात बसतं. चोळून धुवा, आठवड्यातून एकदा उकळत्या पाण्यातून काढा आणि उन्हात वाळवा. साबण लावू नका. मी एकदा घाईत ते इतर कपड्यांसोबत मशीनमध्ये टाकलं, आणि रविवारी मामींना मोठ्या हौसेने इडल्या नेऊन दिल्या. मामींनी पहिला घास तोंडात घातला, डोळे मिटून जरा विचार केला आणि म्हणाल्या, "वास छान आहे. कुठली पावडर वापरतेस?"